टंचाईने घडविलेले सौष्ठव

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये घडविलेल्या खुर्च्या, मेजे आणि कपाटे यांच्याविषयी जे आकर्षण आजही ओसरलेले नाही, त्याचे श्रेय निमुळत्या पायांना व उघड्या लाकडाच्या तुकतुकीला देण्याचा प्रघात आहे. परंतु माझ्या मते त्या मोहिनीचे मूळ युद्धकालीन टंचाईत आणि तिला तेथील शासनाने व कारागिरांनी दिलेल्या प्रामाणिक उत्तरात आहे.

१९४२ साली, बॉम्बवर्षावाने घरे उद्ध्वस्त होत असताना आणि परदेशी लाकडाची आवक आटली असताना, ब्रिटिश व्यापार खात्याने ‘युटिलिटी’ फर्निचरची योजना जारी केली. हे सामान परवान्यावाचून मिळत नसे, आणि परवाना मुख्यतः नवविवाहितांना व बेघर झालेल्यांना दिला जाई. रचनाकार गॉर्डन रसेल यांच्या देखरेखीखाली सिद्ध होऊ लागलेल्या नमुन्यांत नक्षीकाम वर्ज्य होते, सांधा मात्र कुसू-खाचेचा किंवा खुंटीचा, पक्काच असावा लागे. सामान्य कुटुंबाच्या कपाटालाही कच्चा सांधा चालणार नाही, हे ऐन संकटात सरकारी दप्तराने मान्य करावे, ही गोष्ट मला एखाद्या विजयाइतकीच अभिमानास्पद वाटते.

१९४४ मध्ये याच खात्याने हाय विकम येथील एर्कोल कारखान्याकडे एक लक्ष स्वस्त खुर्च्यांची मागणी नोंदविली. इटलीत जन्मलेल्या लुचियन एर्कोलानी यांनी त्यासाठी इंग्लंडच्या खेड्यांतील जुनी विंडसर खुर्चीच आधारास घेतली. तिची बैठक परंपरेने एल्मची, कारण त्या लाकडाचे तंतू परस्परांत असे गुंतलेले असतात की पायांसाठी आणि पाठीच्या दांड्यांसाठी छिद्रे पाडली तरी ते सहसा चिरत नाही; मात्र वाळताना ते वेडेवाकडे होते, आणि त्याला वठणीवर आणण्याची विद्या एर्कोलानींनी चिकाटीने हस्तगत केली. रचनाकार अर्नेस्ट रेस यांनी तर १९४५ साली युद्धसामग्रीतून उरलेले अ‍ॅल्युमिनियम वितळवून खुर्ची ओतली.

याच हाय विकमचे सुपुत्र, रचनाकार रॉबिन डे यांची १९६३ ची पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची खुर्ची हा त्याच वृत्तीचा विस्तार होय. ती शाळांत आणि सभागृहांत लाखोंनी गेली, आणि तिच्यावर बसणाऱ्यास कर्त्याचे नाव ठाऊक असण्याची गरज कधी पडली नाही.

म्हणूनच या वस्तू लिलावात चढ्या दराने घेऊन दिवाणखान्यात केवळ प्रदर्शनार्थ मांडणाऱ्या संग्राहकांशी माझा मतभेद आहे. ज्या खुर्च्या रोजच्या वापरासाठी, रोजच्या माणसांसाठी घडल्या, त्यांचा सांधा सैल झाला तर सुताराकडून तो पुन्हा बसवून घ्यावा, आणि घरच्या मुलांनी त्यांवर बसून निःशंकपणे जेवावे.