मत्स्यपेटीची घडवंची

दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी आली की मुलांचे लक्ष माशांकडे असते आणि मोठ्यांचे पेटीच्या किमतीकडे. ती कशावर ठेवायची याचा विचार मात्र शेवटी होतो. मग घरातले एखादे जुने टेबल पुढे ओढून काम भागवले जाते.

हिशेब सोपा आहे. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीत सुमारे १५० लिटर, म्हणजे १५० किलो पाणी मावते. काच आणि तळाची वाळू धरली की भार २०० किलोच्या घरात जातो. यवतमाळच्या व्यापाऱ्याला गाठीचे वजन सांगावे लागत नाही. रुईची बांधलेली गाठ साधारण १७० किलोची. तिच्याहून अधिक ओझे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रात्रंदिवस उभे राहणार असते. जैन घरात मासे कोंडून ठेवावेत का, याविषयी मतभेद आहेत व ते स्वाभाविकही आहेत. पण जीव घरी आणल्यावर त्यांची बैठक डळमळीत ठेवणे कोणत्याच मताला मान्य होणार नाही.

जुन्या घरांत पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची असे. हंड्यांचा भार फळीवरून चौकटीवर आणि चौकटीवरून सरळ पायांत उतरे. मत्स्यपेटीलाही हेच तत्त्व लागू आहे. वरची चौकट पायांच्या माथ्यावर टेकलेली असावी, पायांच्या बाजूंना स्क्रूने लटकवलेली नसावी. स्क्रूने जोड धरून ठेवावा. ओझे लाकडाने लाकडावर घ्यावे.

लाकूड जाड घेतले की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. पांढरकवडा-उमरखेडकडील सागाच्या जंगलांच्या जिल्ह्यात तर तो अधिकच. वास्तविक अडीच इंची चौरस सागवानी पाय उभ्या भाराने सहसा दबत नाही. धोका असतो तो आडव्या डगमगीचा. धावत्या मुलाचा धक्का लागला आणि चौकट तिरकी झाली, की पाणी हिंदकळते व पुढच्या हेलकाव्याला जोड सैल होतात. पाठीमागे १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची अखंड फळी ठोकली, की ही डगमग जवळजवळ संपते. काटकोन गुण्याने तपासून मगच ती ठोकावी. भुश्याच्या दाबीव फळ्या स्वस्त पडतात, पण पाणी लागताच फुगतात. त्या वापरूच नयेत. लोखंडी अँगलची बैठकही उत्तम, मात्र गंज धरू नये म्हणून रंगाचा हात नीट द्यावा.

दुसरा शत्रू पायाखाली असतो. जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बसवलेली शहाबादी फरशी काही वर्षांत एका अंगाला कलते. बैठक कलली किंवा पिळली, की काचेच्या एखाद्या सांध्यावर अवाजवी ताण येतो. म्हणून चौकटीवर लांबीत, रुंदीत आणि कर्णातही पाणसळ ठेवून पाहावी. फरक असल्यास पाचर बैठकीच्या पायाखाली द्यावी, पेटीच्या तळाखाली कधीही नाही. तळाला चौकट नसलेल्या पेटीखाली थर्माकोलचा सलग पातळ थर घातला, की बारीकसारीक उंचवटे तो सामावून घेतो. जुन्या माडीवर पेटी ठेवायची असेल तर भिंतीलगत, दोन-तीन तुळयांवर भार वाटला जाईल अशी ठेवावी. खिडकीपासून मात्र दूरच. विदर्भातील मे महिन्याचे ऊन माशांना सोसवत नाही.

बैठक तयार झाल्यावर तिची परीक्षा दुकानातच घेता येते. ५० किलोची चार पोती तिच्यावर चढवून रात्रभर ठेवावीत. सकाळी पुन्हा पाणसळ लावावी, कोपऱ्याला हाताने रेटा देऊन पाहावा. काहीही हलले नाही, तर पोती उतरवून पेटी ठेवावी, आधी अर्धीच भरावी आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी ओतावे. पावसाळा सरल्यावर एकदा पाणसळ पुन्हा बाहेर काढावी, आणि बैठक हलवायची झाल्यास मासे दुसऱ्या भांड्यात काढून पेटी आधी पूर्ण रिकामी करावी.