फुरसतीचा प्रवास आणि मुरबाडची एसटी

युरोपातील लहानमोठी गावे एकट्याने आणि सावकाश पाहून आलेल्या निवृत्त मंडळींची प्रवासवर्णने मराठीत अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. आगगाडीने एखाद्या गावी उतरावे, मन रमेल तितके दिवस राहावे, पुढच्या टप्प्याला कालव्यातून जाणाऱ्या बार्जवर चढावे आणि माणसाच्या चालीने सरकणाऱ्या त्या नौकेवरून काठावरची शेते आणि चर्चची शिखरे पाहत राहावे, असा त्या प्रवासाचा थाट असतो. ही वर्णने वाचून मध्यमवर्गीय वाचकाला हेवा वाटतो, तर कार्यकर्त्याला बहुधा राग येतो. शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावून बसलेल्या बायांपुढे या कौतुकाची किंमत काय, असे तो विचारतो. त्याचा राग प्रामाणिक आहे. परंतु त्या रागापोटी एक महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. असा सावकाश प्रवास युरोपातील सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो कसा, आणि शहापूर-मुरबाडच्या माणसाच्या वाट्याला तो का आला नाही?

ज्या बार्जवर आज प्रवासी आरामखुर्ची टाकून बसतो ती मुळात कोळसा, धान्य, वाळू आणि दारूची पिंपे वाहणारी मालनौका होती. नावाड्याचे सारे कुटुंब तिच्यावरच राहत असे आणि मुलांची शाळा या गावाहून त्या गावाला जाताना बुडत असे. रेल्वे आली, मागोमाग मालमोटारी आल्या, आणि लहान कालव्यांचा व्यापार आटत गेला. केवळ नफ्यातोट्याचा हिशेब केला असता तर ते कालवे बुजवून टाकणेच शहाणपणाचे ठरले असते. काही ठिकाणी तसे झालेही. परंतु ब्रिटनमध्ये ॲटली यांच्या मजूर सरकारने १ जानेवारी १९४८ पासून बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे केले, आणि पुढे १९६८ च्या वाहतूक कायद्याने मालवाहू जलमार्गांच्या जोडीला केवळ विहारासाठी राखावयाच्या जलमार्गांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला. माणसाने पाण्यावरून निवांत जावे हाही सरकारी खर्चाचा योग्य हेतू होऊ शकतो, हे एका मजूर सरकारने कायद्यात लिहून ठेवले. फ्रान्समध्ये १८७९ च्या फ्रेसिने योजनेने कालव्यांच्या दरवाजांचे एकच माप ठरवून दिले होते, त्यामुळे एका घडणीची नौका देशाच्या मोठ्या भागात फिरू शकली. तेथील बहुतेक जलमार्गांची देखभाल १९९१ पासून एक सार्वजनिक संस्था करते. बार्जवरील हॉटेलांचे दर श्रीमंतांनाच परवडणारे असतात, हे खरे. पण ज्या पाण्यावर ती तरंगतात ते पाणी, ते दरवाजे आणि काठाची पायवाट कोणा हॉटेलवाल्याने बांधलेली नाही.

वेळेचेही तसेच आहे. प्रवासाला पैशाआधी वेळ लागतो, आणि पगार न बुडता मिळणारी रजा कोणत्याही देशात मालकांनी आपण होऊन दिलेली नाही. १९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्समधील कामगारांनी कारखाने व्यापून बसण्याचा जो प्रचंड संप केला, त्याच्या पाठोपाठ लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी मंत्र्याने त्या रजेसाठी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट सुरू करविले. त्या उन्हाळ्यात लक्षावधी कामगारांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेथील उजव्या वृत्तपत्रांनी या नव्या प्रवाशांची यथेच्छ टिंगल केली. कामगाराला समुद्र कशाला हवा, हा त्यांचा प्रश्न होता. कार्यकर्त्याचा राग कधीकधी नकळत त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याची आठवण द्यावी लागते.

युरोपातही सारे आलबेल आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे लहान लोहमार्ग उखडले गेले आणि कितीतरी गावांची गाडी कायमची तुटली. याउलट जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने, दरमहा नऊ युरोत, देशभर हिंडू देणारे तिकीट काढून पाहिले आणि मे २०२३ पासून तसलेच मासिक तिकीट ४९ युरोला कायम केले. त्याची किंमत पुढे वाढली. पण त्यातील मेख ध्यानात घेण्याजोगी आहे. हे तिकीट जलद गाड्यांना चालत नाही. ते गावागावांत थांबणाऱ्या सावकाश गाड्यांसाठी आहे. स्वस्त आणि सावकाश ही जोडी तेथे धोरण म्हणून टिकवली जाते.

आता शहापूरकडे यावे. वाशिंदला गाडी आली ती १८५५ साली, आसनगावला १८६० आणि कसाऱ्याला १८६१ साली. इटली नावाचे एकसंध राष्ट्र तेव्हा नुकतेच जन्माला येत होते. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला चढला; तो खोदताना किती मजूर दगावले याची नोंद कोणी धड ठेवली नाही. म्हणजे रेल्वेच्या वयात हा तालुका युरोपातील अनेक गावांच्या बरोबरीचा किंवा वडीलच आहे. तरीही आसनगाव, आटगाव, खर्डी येथून निघणारा माणूस सावकाश प्रवास करतो असे म्हणणे ही थट्टा होईल. तो रखडत प्रवास करतो. लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देण्यासाठी त्याची लोकल बाजूला उभी राहते. कल्याण ते कसारा या ६७ किलोमीटरांवरील तिसऱ्या मार्गाचे काम दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. कसाऱ्याला लोकल संपते. पुढे पंधराएक किलोमीटरवर इगतपुरी आहे, पण नाशिककडे जाणारा माणूस स्थानकाबाहेर येऊन जीपमध्ये दाटीवाटीने बसतो. सावकाशपणा आणि रखडपट्टी यांत घड्याळाच्या हिशेबाने फरक नसेल. कोणाच्या मर्जीने उशीर झाला, एवढाच तो फरक आहे.

याच लोहमार्गावरून २६ डिसेंबर १९७७ रोजी गीतांजली एक्सप्रेस पहिल्यांदा हावड्याकडे धावली. प्रा. मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. ती गाडी संपूर्णपणे दुसऱ्या वर्गाची होती, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. दोन इंचांच्या गादीने समाजवाद येत नाही, अशी कुचेष्टा त्या वेळी झाली. परंतु रात्रभर फळीवर अंग टाकून सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला त्या गादीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्याच गाडीला पुढे वातानुकूलित डबे लागले. फेब्रुवारी २०२३ पासून याच घाटातून संपूर्ण वातानुकूलित 'वंदे भारत' शिर्डीला जाऊ लागली. मधल्या काळात मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने साध्या पॅसेंजर गाड्या देशभर बंद झाल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना एक्सप्रेस म्हणण्यात आले. वेग तोच, थांबे तेच. पण दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये झाले. ते पूर्ववत व्हावयास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. साठी ओलांडलेल्या पुरुषांना मिळणारी ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना मिळणारी ५० टक्के सवलत २० मार्च २०२० पासून काढून घेतली गेली. एकट्याने निवांत हिंडावयाचे वय ते हेच. युरोपातील बहुतेक रेल्वे याच वयाला हात देतात, येथे तो काढून घेण्यात आला.

मुरबाडला तर लोहमार्गच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक निवडणुकांत भाषणांपुरती जिवंत झाली. कागदोपत्री मंजुरीही मिळाली, पण गाडी आलेली नाही. म्हणून मुरबाड तालुक्याचे खरे सार्वजनिक वाहन म्हणजे एसटी. रात्री शेवटच्या गावी मुक्काम करून पहाटे निघणारी वस्तीची गाडी ही महाराष्ट्राने घडवलेली एक फार शहाणी व्यवस्था आहे. तिच्यामुळे कल्याणच्या बाजाराला भाजी जाते, पोर कॉलेजला जाते आणि माळशेजच्या पायथ्याची म्हातारी लेकीकडे चार दिवस राहून येते. ही म्हातारी म्हणजेच या भागातली फुरसतीची प्रवासी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याचे स्वागत करावयास हवे. मात्र ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या दीर्घ संपाच्या काळात खेड्यांनी खाजगी जीप धरल्या, आणि मोडलेली सवय सहजी परत येत नाही. जी गाडी गावात येतच नाही तिचे तिकीट अर्धे केले काय आणि माफ केले काय! दरम्यान ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जात खुला झाला. सबंध महामार्गावर पन्नास हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आहे. त्यावर दुचाकी चालत नाही आणि ट्रॅक्टरही चालत नाही.

राहिले पाणी. कल्याणच्या खाडीत प्राचीन काळी परदेशी व्यापाराची गलबते येत, आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरची सातवाहनकालीन लेणी आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण त्या वाहतुकीची साक्ष देतात. नौका आणि संथ खुष्कीचा मार्ग यांची ही जोडणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. शहापूरकडे तर जलाशयांची ओळच आहे: १८९२ चे तानसा, वैतरणेवरचे मोडकसागर, भातसा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातशात असतो. युरोपातील एखाद्या गावाजवळ एवढे पाणी असते तर त्यावर नौका, धक्का आणि वेळापत्रक नक्की असते. येथे फुगवट्यामागे अडकलेल्या पाड्यांतील माणसे मिळेल त्या होडीने, कधी तराफ्याने, जीव मुठीत धरून पलीकडे जातात. धरणाने जुनी वाट बुडवली, तर नवी वाट देणे हा पुनर्वसनाचाच भाग होय. हे अशक्य नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा-बामणोलीच्या बाजूला लाँचा चालतात आणि माणसांसह जीपगाड्या वाहून नेणारे तराफेही चालतात. बुडित गावांच्या माणसांना त्याच जोडतात आणि फिरावयास आलेली मंडळीही त्यांतूनच जातात. विहार आणि गरज एकाच नौकेत बसू शकतात, हे सातारा जिल्ह्यात ज्यांना पटले आहे त्यांनी ते ठाणे जिल्ह्यातील धरणांच्या मालकांनाही पटवावे. मुंबई महानगरपालिका त्यांपैकी एक आहे, आणि ती देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकांत मोडते.

गरिबाला भटकंतीची हौस नसते, हा समज ज्याने म्हशाची यात्रा पाहिली आहे त्याच्यापाशी टिकणार नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा मोठा बाजार असतो, घोंगड्यांची दुकाने लागतात, मिठाईचे ढीग आणि पाळणे असतात. माणसे कुटुंबकबिल्यासह येतात, सोयऱ्याच्या घरी उतरतात आणि बैल घ्यावयाचा नसला तरी दिवसभर बैल पाहत हिंडतात. बार्जवरचा प्रवासी याहून निराळे काय करतो? परंतु म्हशाच्या गर्दीत मुरबाड-शहापूरचीच एक जमात कमी दिसते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन, चूल-भांडी आणि कोंबड्यांसह ट्रकमध्ये बसून भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जिल्ह्यात वर्षाकाठी सर्वांत सक्तीचा प्रवास त्यांचाच, आणि यात्रेचा दिवस नेमका भट्टीच्या भर हंगामात येतो.

भरपगारी रजेचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्याचे कारण कायद्याच्या गणितातच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा दिली, पण त्यासाठी एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम भरण्याची अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. भट्टीचा हंगाम मात्र दोन कॅलेंडर वर्षांत फाटलेला असतो. जानेवारी ते मे हे जेमतेम दीडशे दिवस होतात, आणि पुढचा हंगाम दुसऱ्याच मालकाकडे सुरू झाला तर मागचे दिवस मोजणार कोण? शिवाय मजुरी हजार विटांमागे, तीही जोडप्याला मिळून. हजेरीपटावर बाईचे नावच नसते. संघटनांनी हंगाम हेच वर्ष धरून रजेची मागणी केली पाहिजे. नवरा-बायकोची स्वतंत्र हजेरी आणि पौष पौर्णिमेला भट्टी बंद, ही कलमे उचल देतानाच्या करारात लिहून घेतली पाहिजेत. आणि त्या दिवसासाठी भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवरून म्हशाला जाणाऱ्या व रात्री परत आणणाऱ्या एसटीच्या गाड्यांची मागणी विभाग नियंत्रकाकडे दिवाळीपूर्वीच नोंदवली पाहिजे, कारण दिवाळीनंतर अर्ज करावयास माणसे गावात राहत नाहीत.