म्होरक्या पकडल्यानें भय संपतें काय?

शत्रूचा म्होरक्या हातीं लागला कीं संकट टळलें, ही समजूत आपल्या मनांत लहानपणींच रुजते. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटांत असतो. राजपुत्रानें पोपटाची मान मुरगळली कीं इकडे राक्षस जागच्या जागीं कोसळतो. मोठेपणीं वर्तमानपत्रांत एखादा दहशतवादी पुढारी पकडला गेल्याचें वृत्त आलें म्हणजे तेंही आपण त्या पोपटाच्या गोष्टीसारखेंच वाचतों, सुटकेचा निःश्वास टाकतों आणि पान उलटतों. आमच्या गेवराई तालुक्यांतील वाचकांस मात्र असें पान उलटतां येणार नाहीं. कां, तें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा येथें यत्न करीत आहों.

जून २०१२ मध्यें दिल्लींत एका माणसास अटक झाली. सौदी अरबस्तानानें त्याला परत धाडलें होतें. त्याचें नांव सय्यद जबिउद्दीन अन्सारी. पोलिसांच्या कागदांत अबू जुंदाल. लष्कर-ए-तोयबाचा हा हस्तक कोठला, तर आपल्या गेवराईचा! बीडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत तो शिकला. आज आपलीं मुलें ज्या रस्त्यानें एस. टी. धरून बीडला शिकावयास जातात, त्याच रस्त्यानें एके काळीं हाही गेला असेल. मे २००६ मध्यें दहशतवादविरोधी पथकानें मनमाडच्या रस्त्यावर दोन मोटारींचा पाठलाग केला. त्या प्रकरणांत सुमारें ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ बंदुका व ३,२०० काडतुसें सांपडलीं. त्या वेळीं तो निसटला आणि देशाबाहेर गेला. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां कराचींत बसून हल्लेखोरांस दूरध्वनीवरून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा त्याच्यावर आरोप आहे. ध्वनिमुद्रित झालेल्या एका आवाजांत ‘प्रशासन’ यासारखे शब्द आले, तेव्हांच हा बोलणारा आपल्याकडचा असावा असा तपास करणाऱ्यांस संशय आला होता. शाळेनें शिकविलेला शब्द कोठें जाऊन उच्चारला जाईल याचा नेम नसतो! शस्त्रसाठ्याच्या खटल्यांत २०१६ सालीं मुंबईच्या विशेष न्यायालयानें १२ जणांस दोषी ठरविलें; त्यांत अन्सारीस जन्मठेप झाली.

म्हणजे एक मोहरा पटावरून उचलला गेला. त्यानें भय संपलें काय?

त्याच्या संघटनेचा मुख्य पुढारी हाफिज सईद. पाकिस्तानांतील न्यायालयानें त्याला २०२० सालीं आणि पुन्हां २०२२ सालीं शिक्षा ठोठावल्या. कागदोपत्रीं तो बंदिवासांत असतांनाच २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळच्या बैसरन कुरणांत २६ माणसें मारलीं गेलीं. त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. या हल्ल्याशीं ज्या टोळीचें नांव जोडलें गेलें, ती लष्करचाच मुखवटा आहे असें ठरवून अमेरिकेनें जुलै २०२५ मध्यें तिला दहशतवादी संघटनांच्या यादींत घातलें. मसूद अझहरची कथा तर याहून बोलकी आहे. १९९४ सालीं तो काश्मीरांत पकडला गेला. त्याला सोडविण्यासाठीं १९९५ सालीं परदेशी प्रवासी पळविण्यांत आले. तेवढ्यानें भागलें नाहीं, तेव्हां डिसेंबर १९९९ मध्यें काठमांडूहून दिल्लीस येणारें विमान कंदाहारला नेण्यांत आलें. प्रवाशांच्या प्राणांच्या मोबदल्यांत ३१ डिसेंबरला तो सुटला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें जैश-ए-मोहम्मद ही नवी संघटना काढली. येथें पोपट पिंजऱ्यांत होता, आणि राक्षस त्याच्यासाठींच अधिक चवताळले! ओसामा बिन लादेन मे २०११ मध्यें मारला गेला. त्यानंतर सुमारें तीन वर्षांत इराक व सीरिया येथें इस्लामिक स्टेटनें मोठा मुलूख व्यापला.

एवढ्यावरून पुढारी पकडणें व्यर्थ, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत आबिमाएल गुझमान नांवाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक सशस्त्र बंडाचा सर्वेसर्वा होता. सप्टेंबर १९९२ मध्यें तो लिमा शहरांतील एका घरांत पकडला गेला. दुसऱ्या वर्षीं त्यानें तुरुंगांतूनच तहाची भाषा काढली, आणि बंडाचा जोर झपाट्यानें ओसरला. आपल्याकडे वीरप्पन २००४ सालीं मारला गेला, तेव्हां त्याची टोळीही त्याच्याबरोबर संपली. जेथें सारी संघटना एका माणसाच्या मुठींत असते, तेथें मूठ उघडली कीं सारें सांडतें. पेंढाऱ्यांचें उदाहरण याच्या उलट. त्यांचा पुढारी चितू १८१९ सालीं रानांत वाघाच्या तोंडीं पडला हें शाळेंत सर्वांनीं वाचलें आहे. परंतु पेंढारी वाघानें संपविले नाहींत. १८१७-१८ च्या मोहिमेंत त्यांचे तळ उठले, ज्यांच्या सैन्यामागें ते फिरत त्या सत्ता मोडल्या, अमीरखानास टोंक मिळालें, करीमखानास गोरखपुराकडे जमीन मिळाली. घोड्यावरून उतरून बसावयास जागा मिळाली, म्हणून घोडे थांबले.

पुढारी किंवा हस्तक जिवंत हातीं लागण्याचा खरा लाभ निराळाच आहे. तो बोलतो, आणि त्याच्यावर खटला चालवितां येतो. मुंबईच्या हल्ल्यांतील दहांपैकीं नऊ हल्लेखोर मारले गेले; अजमल कसाब तेवढा जिवंत सांपडला. तो सांपडला तो साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्यामुळें. गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ लाठी असतांना त्यांनीं त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाहीं. साताऱ्याकडील केडंबे गांवच्या या पुरुषानें प्राण दिला नसता, तर हल्लेखोर कोठून आले याविषयीं आजवर वाद चालला असता. कसाबास वकील मिळाला, तीन न्यायालयांनीं त्याचें म्हणणें ऐकलें, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास त्याला फांशी झाली. रस्त्यावरच ठार करावयास हवें होतें असें म्हणणारे त्या काळीं पुष्कळ होते. त्यांच्याशीं आमचा तेव्हांही मतभेद होता.

परंतु बंदिवान सांगतो तें बहुधा घडून गेलेल्या गोष्टींविषयीं. पुढें घडावयाच्या गोष्टींचीं मुळें नव्या मुलांच्या मनांत असतात, आणि म्हणूनच गेवराईचा प्रश्न आम्हांस दिल्लीच्या अटकेहून मोठा वाटतो. शस्त्रसाठ्याच्या खटल्याच्या निकालांत त्या कटाचा संबंध २००२ सालच्या गुजरातेंतील दंगलींच्या सूडाशीं जोडला आहे. गुजरात कोठें, गेवराई कोठें! शेंकडों कोसांवरचें दुःख तरुणाच्या मनांत चेतवून देणारा कोणी तरी भेटतो, आणि हातांत पुस्तकाऐवजीं दुसरेंच कांहीं येतें. यानें अपराध सौम्य होत नाहीं. तेंच दुःख ऐकलेल्या लाखो मुसलमान तरुणांनीं आपली शाळा, दुकान वा शेत सोडलें नाहीं. एका माणसाच्या कृत्याचा डाग साऱ्या मोहल्ल्यास लावण्याची खोड मात्र आपल्यांत आहे, आणि ती फार घातक आहे असें आम्हांस वाटतें. ‘येथें तुझें कोणी नाहीं’ हेंच तर तो भरती करणारा मुलाच्या कानांत सांगत असतो. वर्गांत त्या मुलाशेजारचें बांक रिकामें राहिलें, तर त्याचें अर्धें काम आपणच केलें म्हणावयाचें.

हें एकाच धर्माचें दुखणें आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आपल्याच तालुक्यांतील अर्धामसला गांवाची गोष्ट आठवावी. ३० मार्च २०२५ चा दिवस गुढी पाडव्याचा होता. दुसऱ्या दिवशीं ईद होती. पाडव्याच्या त्या पहाटे अडीचच्या सुमारास तेथील मशिदींत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. इमारतीची हानि झाली. विहीर खोदतांना खडक फोडण्यासाठीं या कांड्या लावतात, हें आपल्या भागांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. पोलिसांनीं दोन तरुणांस त्याच दिवशीं पकडलें. त्यांचा दोष न्यायालय ठरवील. येथें कोणी दूरदेशींचा पुढारी पुढें आलेला नाहीं. मग पोपट शोधावा तरी कोठें?

सरपंचांनीं पहाटे चारच्या सुमारास तलवाडा पोलिस ठाण्यास वर्दी दिली आणि पोलिस धांवून गेले. आम्ही विचार करतों तो त्या वर्दीच्या आधींच्या दिवसांचा. कांड्या कोठून तरी आणाव्या लागतात, कोठें तरी ठेवाव्या लागतात. रात्रीं अपरात्रीं घराबाहेर पडावें लागतें. बीडला शिकणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाचेही असेच कित्येक दिवस, कित्येक रात्री गेल्या असतील. त्या साऱ्या काळांत, ‘बाळा, कोठें चाललास? बरोबर कोण आहे?’ असें विचारणारें वडीलधारें माणूस त्यांना एकदां तरी भेटलें होतें काय?