शनिवारची सुटी आणि गडाची वाट

राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना ही सवलत १९८५ मध्येच मिळाली होती. बँकांचे दुसरे व चौथे शनिवार सप्टेंबर २०१५ पासून सुटीचे झाले होते. राज्यातील कारकुनालाही दोन शनिवार पूर्वीच मिळत होते, उरलेले मिळविण्यासाठी त्याने दररोज पंचेचाळीस मिनिटे अधिक काम करण्याचे मान्य केले. म्हणजे ही सुटी कोणी दान दिलेली नाही, ती रोजच्या वेळातून विकत घेतलेली आहे. दैवदुर्विलास असा की, ती हाती पडून महिना व्हायच्या आतच टाळेबंदी आली आणि शनिवार मिळाला तेव्हा जायला जागा उरली नाही. पुढे दारे उघडली, तेव्हा साचलेले सारे शनिवार जणू एकदमच बाहेर पडले, आणि त्यांतले पुष्कळसे सह्याद्रीच्या वाटेला लागले. (प्राथमिक शिक्षकाची सकाळची शाळा शनिवारी भरतच राहिली, हे येथे नोंदविले पाहिजे, सुटीच्या वाटपातही आपली समता अशीच आहे.)

घराबाहेर पडण्याच्या या ओढीत वाईट काही नाही. दोन खोल्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलाने एक रात्र उघड्या आभाळाखाली काढावी, पहाटे बापाचा हात धरून कळसूबाईचा चढ चढावा आणि १,६४६ मीटर उंचीवरून महाराष्ट्र पाहावा, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा मोठे शिक्षण आहे. परंतु आज या ओढीतून जो व्यापार उभा राहिला आहे, त्यात चढणे कमी आणि खरेदी अधिक आहे. पवना धरणाच्या काठी अगोदरच ठोकून ठेवलेल्या तंबूत माणूस मोटारीतून उतरतो, मोठ्या आवाजातील गाणी ऐकतो, दुसऱ्याने भाजलेले खातो आणि सकाळी निघून जातो. मेअखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यासाठी जी वाहने लोटतात, त्यांच्या दिव्यांच्या झोतात काजवाच दिसेनासा होतो. काजव्याचे लुकलुकणे हा नर-मादीचा परस्परांना शोधण्याचा संकेत असतो. तेथे प्रखर दिवा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात बँड वाजवून वधू-वरांना एकमेकांचे ऐकू येऊ न देणे होय.

याची दुसरी आणि अधिक दुःखद बाजू पावसाळ्यात दिसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढल्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांना प्राण गमवावे लागले. अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासन जे करते ते आता पाठ झाले आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १४४ होते; आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. त्याखाली धबधबे, धरणे आणि कित्येकदा गडही काही काळासाठी बंद केले जातात. जिल्हाधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोलीस मोजके, पायवाटा शेकडो. त्यांच्या हाती हे एकच हत्यार आहे. मात्र हे हत्यार आंधळे आहे. दोराच्या गाठी जाणणारे स्काउटांचे पथक आणि बाटल्या घेऊन आलेले टोळके यांत ते भेद करीत नाही. किंबहुना प्रत्यक्षात ते उलटाच भेद करते: आदेश पाळणारे घरी राहतात, न पाळणारे आडवाटेने जातात आणि अपघात झाला तर मदतीला येऊ शकणारी जाणती माणसे त्या दिवशी डोंगरात नसतात.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा प्रश्न गर्दीच्या किमतीचा आहे. ज्या वस्तूला दाम नाही तिचे वाटप रांगेने होते. त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर गडाच्या खडकात कोरलेल्या अरुंद, छातीवर येणाऱ्या पायऱ्यांवर रविवारी हे तत्त्व डोळ्यांनी पाहता येते. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले की दोघांनाही हलता येत नाही. वर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाने आपल्यापुरता आनंद मिळविलेला असतो, पण त्याने इतर सर्वांच्या धोक्यात जी भर घातली, तिचा हिशेब तो मांडीत नाही आणि कोणी त्याच्याकडे मागतही नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतील जिंजी. अभिमानाची ही गोष्ट गर्दीचेही आमंत्रण आहे.

यावर पाठ्यपुस्तकी उपाय म्हणजे प्रवेशशुल्क. पुष्कळ विद्वान तोच सुचवितात आणि तो अगदीच टाकाऊ नाही. तथापि माणशी शुल्क सर्वांत आधी कोणाला परत पाठवील? दहा मुलांना घेऊन एस.टी.ने आलेल्या शिक्षकाला. मोटारीतून आलेल्याला ते जाणवणारही नाही. गडाखालच्या गावावर पडणारा भार मात्र मुख्यतः मोटारींचाच असतो. अडलेला रस्ता, बांधावर उभी केलेली वाहने, डिकीतून उतरणारे प्लॅस्टिक हे सारे पायी येणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत मावणारे नव्हे. तेव्हा कर बसवायचाच तर तो डोक्यावर न बसविता चाकांवर बसवावा, मुक्कामाच्या व्यापारी तंबूंवर बसवावा, आणि त्याचा पैसा सरकारी तिजोरीच्या समुद्रात न मिसळता पायथ्याच्या ग्रामपंचायतीकडे वा संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे राहावा. पाचनई, बारी, साम्रद, राजमाचीची उधेवाडी या गावांनी पाहुण्यांना भाकरी-पिठल्याचे जेवण आणि अंगणात पथारी देऊन चार पैसे मिळविण्याची रीत स्वतःच घालून घेतली आहे. या भागात उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. जो पैसा येतो त्यातून गावाला पाण्याचे टाके मिळाले, तर पाहुणा हा उपद्रव न वाटता आपला वाटेल.

पण शुल्क हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. गर्दी दामाने पातळ करता येते, शहाणी करता येत नाही. ती शहाणी करण्याची एक जुनी शाळा आपल्याकडे आहे आणि तिच्याकडे आपण केवळ गणवेश म्हणून पाहतो. बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर वीस-एक मुलांचे शिबिर भरविले. त्यात धनिकांच्या शाळांतील मुले होती आणि कामकऱ्यांचीही होती, ही त्या काळच्या इंग्लंडात साधी गोष्ट नव्हती. तेथून निघालेली ही चळवळ दोन वर्षांत भारतात आली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, तिच्या निरनिराळ्या शाखा एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना झाली. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्यांनी मूल त्यात जे शिकते ते असे: होकायंत्र वापरणे, नकाशा वाचणे, न सुटणारी पण हवी तेव्हा सोडता येणारी गाठ मारणे, जखम बांधणे, चूल पेटविणे आणि निघताना ती पूर्ण विझविणे. भुशीच्या पाण्यात उतरू नये हे सांगायला फलक लागतो; वरच्या खोऱ्यात ढग दाटले की खालचा ओढा केव्हा फुगेल हे ओळखायला अभ्यास लागतो.

हा अभ्यास शाळांतून का होत नाही? शिक्षक आळशी झाले, हे उत्तर सोपे आणि चुकीचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते व्हायलाही हवे होते. परंतु त्या नियमांनी जबाबदारी सारी शिक्षकाच्या गळ्यात घातली आणि साधन एकही त्याच्या हाती दिले नाही. मुलांना डोंगरात नेण्याचा लाभ समाजाला होतो, जोखीम मात्र एकट्या मास्तरांची. सगळे सुखरूप परतले तर कौतुकाचा शब्द नाही. एकाचा पाय मुरगळला तर चौकशी. अशा स्थितीत मुख्याध्यापकांनी मुलांना एखाद्या कुंपणबंद जलक्रीडा उद्यानात नेऊन संध्याकाळी परत आणले, तर तो त्यांचा भ्याडपणा नसून हिशेब आहे. हा हिशेब बदलायचा तर पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रात वा राज्यातील शिबिरांत रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्काउटमास्तरांना आणि त्यांच्या पथकाला शासनाने सामूहिक विम्याचे छत्र द्यावे, शिबिरात घालविलेल्या सुटीबद्दल बदली रजा द्यावी, आणि बंदीच्या आदेशात अशा पथकांसाठी पूर्वपरवानगीचा दरवाजा ठेवावा. यांपैकी कशालाही डोळे दिपविणारा खर्च नाही.

येथे एका नव्या खेळाचा उल्लेख करण्यासारखा आहे. मे २००० च्या प्रारंभी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या स्थाननिश्चितीत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र काही मीटरांपर्यंत अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील एका गृहस्थाने जंगलात एक बादली लपविली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्माला आला. डबी शोधावी, आतल्या वहीत नाव लिहावे, ती जशीच्या तशी ठेवावी, एवढाच खेळ. पाश्चात्त्य देशांत आई-वडील, मुले आणि स्काउटांची पथके शनिवार-रविवारी या निमित्ताने मैलोन्‌मैल चालतात. गंमत अशी की, स्काउटांना यात नवे काहीच नाही. मागखुणांच्या त्यांच्या जुन्या लिपीत चौकट, तिच्यातून निघालेला बाण आणि एक आकडा काढलेला असेल, तर त्याचा अर्थच असा की, या दिशेला इतक्या पावलांवर चिठ्ठी लपविली आहे. वर्तुळात टिंब म्हणजे ‘मी घरी गेलो’; केनियातील न्येरी येथे बेडन पॉवेल यांच्या समाधिशिळेवर हीच खूण कोरलेली आहे.

आपल्याकडे डब्या लपविण्याचा हा खेळ जसाच्या तसा चालणार नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा ऐकत ज्या शहराची एक पिढी लोकलमधून हिंडली, तेथे कपारीतील डबी पाहून प्रथम बॉम्बशोधक पथकच येईल! शिवाय तटबंदीचा चिरा हलवून त्यामागे काही ठेवणे हा वारशाचा अपराध. परंतु याच खेळाचा एक प्रकार असा आहे की, त्यात डबी नसतेच. ठरलेल्या जागी पोचून तेथील खडकाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. सह्याद्रीला याहून योग्य खेळ कोणता? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून लाव्ह्याचे थर मोजा. राजगडाच्या नेढ्यात बसून खडकाला आरपार भोक कसे पडले असावे ते लिहा. टाक्यातले पाणी चैत्रातही का आटत नाही ते शोधा. एखाद्या भूगोलाच्या शिक्षकाला असे वीस प्रश्न एका रविवारी तयार करता येतील आणि कोणत्याही चिऱ्याला धक्का लागणार नाही.

यासाठी लागणारे नकाशेही आता दुर्मिळ नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ मधला, पण त्याचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ दुरापास्त होते. २००५ च्या धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका काढली, २०१७ पासून एकास पन्नास हजार प्रमाणाचे पुष्कळसे नकाशे विनामूल्य उतरवून घेता येऊ लागले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बहुतेक निर्बंध उठले. अडीचशे वर्षे कुलुपात असलेली वस्तू मोकळी झाली आणि तिची वार्ता शाळांच्या शिक्षक-दालनापर्यंत पोचली नाही. मुलांच्या हाती भ्रमणध्वनीवरचा निळा ठिपका आहे. तो दरीत गेला की संदेशवहन तुटते आणि मुले जागच्या जागी थबकतात. समोच्च रेषा दाटल्या की कडा आणि विरळ झाल्या की सपाटी, एवढे ज्याला कळते त्याला तो ठिपका नसला तरी चालतो.

राहिला कुटुंबांचा प्रश्न. तयार तंबूचे दर परवडत नाहीत म्हणून घरी बसणारी कुटुंबे थोडी नाहीत. वस्तुतः मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते पूर्वीपासूनच आहे. म्हणजे आई, वडील आणि दोन लहान मुले अडीच तिकिटांत गडाच्या पायथ्याला जाऊ शकतात. पेट्रोलच्या कोणत्याही हिशेबापेक्षा हे स्वस्त आणि गावाच्या रस्त्यालाही सुसह्य. अडचण तिकिटाची नसून वेळापत्रकाची आहे. आडगावची मुक्कामी गाडी शनिवारी संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात थांबते आणि पहाटे परत जाते. बाजाराला जाणाऱ्यांसाठी ते ठीकच आहे. मात्र शनिवारी रात्री पोचून रविवारी गड चढणारे कुटुंब खाली उतरते तेव्हा गाडी जाऊन सात-आठ तास झालेले असतात. मग वडाप, नाहीतर मोटार असलेला नातेवाईक. महामंडळाने ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, निवडक दहा-बारा गडांसाठी, रविवारी दुपारी चार वाजता परतीची एक फेरी सोडून पाहावी. ती रिकामी धावली तर पुढल्या वर्षी बंद करता येईल.