पांघरूण टोचतंय म्हणते तेव्हा

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एस.टी.नं सांगलीला मावशीकडे गेले. कॅन्सरच्या दुखण्यासाठी तिला मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत. सवयीनं दंडावरून हात फिरवला, तर ती कळवळलीच. "हात नको लावू गं. पांघरूणसुद्धा टोचतंय."

वहिनी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, आठ दिवस झाले, अंग पुसू देत नाहीत. मी काय जोरात घासते का हो?" म्हातारपणी चिडचिड वाढलीय, असं घरातल्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आपल्याकडे बाईच्या दुखण्याला चिडचिड म्हणायला वेळ लागत नाही! रात्री एक गोळी जास्त द्यावी, अशीही चर्चा चाललेली.

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मागे डोस वाढवला तेव्हा दुखणं कमी झालं की पसरलं?" पसरलं होतं. आधी फक्त कंबर, आता पाठ, दंड, पोटऱ्यासुद्धा.

मॉर्फीन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची औषधं. वेदना दाबणं हे त्यांचं काम. पण काही जणांत उलटं होतं. मज्जासंस्थाच हळवी होते आणि साधा स्पर्शही दुखतो. अशी शंका इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरांनी १८७० सालीच मांडली होती. अर्थात मधुमेहानं, केमोनं किंवा मूळ आजारानं नसा दुखावल्या तरी असंच होतं. त्यामुळे कारण डॉक्टरांनीच शोधायचं. मावशीचं औषध त्यांनी बेताबेतानं बदललं.

मैत्रिणींनो, हे वाचून कुणाच्या गोळ्या बंद करू नका हं. एकदम थांबवल्या तर घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. मॉर्फीनची धास्तीही नको. रुग्णांना ते सहज मिळावं म्हणून तर २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला. मला राग येतो तो वेगळ्याच सवयीचा. ट्रामाडॉल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे, तरी शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातल्या दोन गोळ्या आपण मागून आणतो.

वहिनीनं आता वही घातलीय. गोळी किती वाजता दिली, कुठे हात लावल्यावर दुखलं, खाज आहे का, सगळं लिहिते. परवा तिचा फोन आला. मावशीनं स्वतःहून वेणी घालून मागितली म्हणे.