उशीचं पोट आणि हिरवा टिक

शनिवार सकाळ, दुसरा चहा आणि डोक्यात एक जुना राग. म्हटलं आज लिहूनच टाकू.

माझी भाची एमबीबीएसला होती. २०२१ साली कॉलेज बंद, म्हणून तिची अंतर्गत परीक्षा ऑनलाइन झाली. लेखी नव्हे हो, पेशंट तपासायची! पेशंट कोण? तर उशी. तिने उशीवर हात ठेवला आणि कॅमेऱ्याला सांगितलं, "उजवीकडे खालून सुरुवात करीन, पेशंटला श्वास घ्यायला सांगून हात हळूहळू बरगड्यांकडे नेईन." पलीकडून सर म्हणाले, "लिव्हर दोन बोटं पॅल्पेबल. पुढे?" झालं. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी!

आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला मॉक म्हणतो. खरा डेटाबेस हाताशी नसला की त्याच्या जागी एक बाहुली बसवायची, जी आपण पढवलेलं उत्तर देते. मॉक वाईट नाही, मीही रोज वापरतो. पण जी गोष्ट तपासायची तिचाच मॉक केला, तर टेस्ट हिरवी होणारच. त्यातून सिद्ध काय होतं? काहीच नाही.

आता थोडा इतिहास. पूर्वी प्रॅक्टिकलला कुठला पेशंट आणि कुठला परीक्षक वाट्याला येतो ह्यावर बरंच नशीब ठरायचं. ह्यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन ह्यांनी १९७५ साली 'ऑस्की' मांडली. ठरावीक वेळेची छोटी छोटी स्टेशनं, सगळ्यांना तेच काम, मार्कांची यादी आधीच ठरलेली. पुढे १९९० साली जॉर्ज मिलर ह्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. ऑस्की आहे ती तिसऱ्या पायरीसाठी. उशीने तिला गुपचूप दुसरीवर आणून बसवलं, आणि निकालपत्रावर नाव मात्र तिसरीचंच!

"कोविड होता, मग काय करायचं होतं?" असं कुणी विचारेल. मान्य. ऑनलाइनला माझा सरसकट विरोध नाहीच. पेशंटची हकीकत विचारणं, वाईट बातमी सांगणं, औषध समजावणं हे व्हिडिओवर उत्तम तपासता येतं. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आलीच आहेत, म्हणजे डॉक्टरला पडद्यावरून बोलता यायलाच हवं. पण हात किती दाबायचा, दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष आहे का, थंडगार हात तसाच पोटावर ठेवला का, हे वेबकॅमला काय कळणार?

अमेरिकेचं बघा. तिथली 'स्टेप टू सीएस' पाचच शहरांत व्हायची, आपली पोरं व्हिसा काढून, कर्ज काढून जायची. २०२० मध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. ते बरोबर की चूक ह्यावर वाद घाला खुशाल. पण निदान परीक्षा नाही तर नाही, हे सरळ सांगितलं.

माझं मागणं एवढंच आहे. जी टेस्ट चाललीच नाही, ती आम्ही 'स्किप्ड' म्हणून पिवळी दाखवतो, हिरवी नाही. निकालपत्रावर लिहा ना, 'हाताची परीक्षा बाकी'. आणि कॉलेज उघडल्यावर ती घ्या.

भाचीच्या कॉलेजने ती परत घेतली नाही. वॉर्डात गेल्यावर तिचा फोन आला, "मामा, हाताखाली नक्की काय लागतंय तेच कळेना." तिने लाज सोडून सिनियरला विचारलं, त्याने तिचा हात धरून शिकवलं.

तिने विचारलं. पैकीच्या पैकी मार्क खिशात असताना जो विचारणार नाही, त्याच्यासमोर उद्या तुमची-माझी आई झोपलेली असेल. उशी नव्हे.