खारीचा वाटा

बिटकॉइन या नाण्याची चर्चा आता खेड्यापाड्यांतही होऊ लागली आहे. तळहातावर मावणारे एक लहानसे यंत्र घरात चालू ठेवावे, म्हणजे त्या जगड्व्याळ व्यवस्थेला बळकटी येते, असे त्याविषयी सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य किती, ते आज पाहू.

प्रथम मूळ व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. बिटकॉइनच्या पाठीशी सरकार नाही, पेढीही नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. सर्व देवघेव एका समाईक वहीत नोंदली जाते व तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. सुमारे दर दहा मिनिटांनी वहीला नवे पान जोडले जाते. ते कोणी लिहावे, हे सोडतीसारखे ठरते. मायनर नावाची यंत्रे अहोरात्र आकड्यांचे तर्क करीत असतात. ज्याचा तर्क जुळला त्याने पान लिहावे व बक्षीस घ्यावे. एकाच्याच हाती निम्म्याहून अधिक बळ आले, तर ताजी पाने फिरवून तेच पैसे दोनदा खर्च करणे त्यास शक्य होते. म्हणून एकूण बळ जितके अधिक, तितकी फसवणूक महाग.

आता लहान यंत्राचे बळ मोजू. बिटॅक्स नावाच्या मायनरला सुमारे १५ वॅट वीज लागते आणि तो सेकंदाला सुमारे एक लाख कोटी तर्क करतो. आकडा ऐकून छाती दडपते खरी. परंतु २०२५ मध्ये जगातील सर्व मायनरांचे एकत्रित बळ याच्या सुमारे शंभर कोटी पटींवर पोहोचले. अशी दहा लाख यंत्रे घरोघर बसविली, तरी एकूण बळात हजारातील एका हिश्श्याचीच भर पडेल. एकट्या यंत्राला एक पान मिळावयास सरासरीने एकोणीस हजार वर्षे लागतील, आणि दरवर्षी १३१ युनिटे वीज जळेल ती निराळीच. क्वचित कोणाचे नशीब उघडले आहे; पण नशिबावर घरखर्च चालत नाही.

मग खारीचा वाटा व्यर्थच म्हणावयाचा काय? तसेही नव्हे. बळ किती आहे याइतकेच ते कोणाच्या हाती आहे, हेही महत्त्वाचे असते. बक्षीस वाटून घेता यावे म्हणून मायनर एकत्र येऊन संघ करतात. त्यास पूल म्हणतात. तेथे पानावर काय लिहावे हे बहुधा पूलच ठरवितो. सभासद केवळ श्रम पुरवितो. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या एकाच पूलकडे निम्म्याच्या आसपास बळ गोळा झाले आणि सर्वत्र चिंता पसरली. अखेर आपला वाटा ४० टक्क्यांच्या आत ठेवू, असे त्या पूलला जाहीर करावे लागले. उलट, २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद पाडले, तेव्हा काही आठवड्यांतच जगातील सुमारे निम्मे बळ नाहीसे झाले. तरी वही थांबली नाही. दर २०१६ पानांनी सोडतीची कठीणता आपोआप बदलते, त्यामुळे उरलेल्यांनी काम रेटले. बळ घटले तर व्यवस्था तरते; ते एका मुठीत गेले तर मात्र धोका, हाच यातील बोध.

यास्तव लहान मायनर मोठ्या पूलला जोडला, तर तो मोठ्याचेच हात बळकट करतो. त्याचा मालक वहीची पूर्ण प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवील व आपले पान आपणच रचील, तर एक स्वतंत्र लेखनिक वाढतो, जरी त्याची पाळी बहुधा येणार नाही. वहीची प्रत ठेवून प्रत्येक पान तपासणाऱ्या संगणकास नोड म्हणतात. नियम मोडणारे पान लिहिणारा कितीही बलाढ्य असो, नोड ते नाकारतो. या कामास मायनर लागतच नाही. साधा संगणक व पुरेशी साठवण एवढे बस्स.

तेव्हा ज्या घरातील मुलास हे शास्त्र शिकावयाचे असेल, त्याने असे यंत्र खुशाल घ्यावे. शिक्षणाची ती रास्त किंमत होय. उत्पन्नाच्या आशेने मात्र कोणी बियाण्याचा किंवा फीचा पैसा त्यात घालू नये. आणि ज्यास त्या वहीचे खरोखर रक्षण करावयाचे आहे, त्याने पान लिहिण्याच्या सोडतीत उतरण्यापूर्वी पान तपासावयास शिकावे. तेथे खारीचा वाटाही पुरा मोजला जातो.